बाटलीची मागची बाजू

गेल्या दिवाळीत माझा भाचा टेक्सासहून आला तेव्हा त्याच्या बॅगेत दोन बाटल्या होत्या. परदेशातून येताना माणशी दोन लिटर दारू आणायची मुभा असते. ती त्यानं मामासाठी पुरेपूर वापरली होती. एका बाटलीचा नुसता थाट होता. जाडजूड काच, लाकडी बूच, गळ्यात पितळी बिल्ला. हातात घेतली तर वरवंटा उचलल्यासारखी जड. दुसरी अगदी साधी, खोकल्याच्या औषधाची असावी तशी, आत पाण्यासारखी पांढरी दारू. दोन्ही टकिला, म्हणजे अगेव्ह नावाच्या झाडापासून केलेली मेक्सिकोची दारू. दोन्हींवर एकच ग्वाही छापलेली: शंभर टक्के अगेव्ह. थाटाच्या बाटलीची किंमत साधीच्या दुपटीहून जास्त.

फराळाची ताटं उचलल्यावर थाटाची बाटली फोडली. वास आला तो थेट व्हॅनिला इसेन्सचा. स्वयंपाकघरातून बहिणीनं विचारलं, "कस्टर्ड केलंय का कुणी?" घोट घेतला तर ओठाला ओठ चिकटले आणि जिभेवर पाकाची साय बसली. मग साधी उघडली. तिला भाजलेल्या रताळ्याचा वास होता, त्यामागून मिरीचा, आणि सर्वांत शेवटी तापलेल्या अंगणात पाणी शिंपडल्यावर येतो तसला काहीतरी. भाचा म्हणाला, "मामा, ती स्वस्तातली आहे रे, कॉकटेलला ठेव." मी थाटाची कॉकटेलला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर दोन्ही बाटल्या उलट्या करून वाचल्या. शेजारी पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पडला होता. त्यावर मैदा किती टक्के, तेल कसलं, पीठ फुलवणारे पदार्थ कुठल्या क्रमांकाचे, हे सगळं मुंगीच्या अक्षरात का होईना, लिहिलेलं होतं. हजारो रुपयांच्या बाटलीवर आत काय आहे याचा एक शब्द नव्हता. एक दंतकथा होती, एका आजोबांचं नाव होतं, सूर्यास्त होता. व्हॅनिला कुठून आला ते नव्हतं.

आणि हे कायद्याला धरूनच आहे. मेक्सिकोच्या टकिलाविषयीच्या सरकारी मानकात, ज्याला तिथे 'नोम' म्हणतात, तयार दारूची चव आणि रंग 'मऊ' करण्यासाठी चार गोष्टी घालायची परवानगी आहे: कॅरमेल रंग, ओक लाकडाचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक. वजनाच्या एक टक्क्याच्या आत राहिलं की बाटलीवर सांगायची सक्ती नाही. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण हे अर्क दाट असतात. वेलदोड्याच्या दोन दाण्यांनी पातेलंभर खिरीचं काय होतं ते ज्याच्या घरी खीर होते त्याला सांगायला नको. शंभर टक्के अगेव्ह याचा अर्थ एवढाच, की आंबवलेली सगळी साखर अगेव्हची होती. बाटलीत अगेव्हच्या दारूशिवाय दुसरं काही नाही, असा तो अर्थ नाही. ग्राहक मात्र तसाच वाचतो, आणि तो तसा वाचणार हे छापणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

ज्या बाटलीवर 'शंभर टक्के' लिहिलेलं नसतं तिची गोष्ट तर आणखी सोपी. तिच्यात साखरेचा निम्म्याच्या जरा वरचा वाटा, म्हणजे ५१ टक्के, अगेव्हचा असला की पुरे. बाकीची साखर उसाची किंवा आणखी कशाची. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. आधी नियम शंभर टक्क्यांचा होता. १९६४ मध्ये तो सत्तरवर आला आणि १९७० मध्ये ५१ वर. मागणी वाढत गेली, झाड काही लवकर वाढेना, मग व्याख्याच आखूड केली. त्यानंतर चार वर्षांनी, १९७४ मध्ये, मेक्सिकोनं 'टकिला' हे नाव भौगोलिक उत्पत्तीच्या संरक्षणाखाली घेतलं: अख्खं हालिस्को राज्य आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित आणि, थोडं नंतर, तामौलिपास यांतले काही तालुके. तिथेच, निळ्या अगेव्हच्या एकाच जातीपासून केलेली दारू तेवढी टकिला. क्रम लक्षात घ्या. आधी आतला माल पातळ झाला आणि मग नावाला कुंपण पडलं.

माझं म्हणणं असं आहे. ज्या संस्थेच्या हातात नाव आहे, तिनं त्या नावाखाली काय विकलं जातंय ते पूर्ण सांगायची सक्ती केली पाहिजे, आणि ती करत नसेल तर दुसऱ्या कुणी सांगायचं ठरवलं तर त्याचं तोंड तरी दाबू नये. टकिलाच्या बाबतीत गेली काही वर्षं या दोन्ही गोष्टी उलट घडताहेत.

यावर जे आक्षेप येतात ते मला ठाऊक आहेत, आणि सगळेच फालतू नाहीत. एक असा, की स्कॉचमध्ये कॅरमेल रंग चालतोच, कोन्याक ब्रँडीत पाक आणि लाकडाचा अर्क चालतो, मग टकिलावरच डोळा का? खरंय. पण स्कॉचला रंगच चालतो, चव देणारं काही चालत नाही. आणि अमेरिकेच्या स्ट्रेट बर्बन व्हिस्कीला तर रंगही चालत नाही. म्हणजे मोठ्या प्रमाणावर, मोठ्या पैशानं, काही न घालता दारू करता येते आणि विकताही येते. दुसरा आक्षेप असा, की या गोष्टी अपायकारक नाहीत. ग्लिसरीन खोकल्याच्या औषधातही असतं. हेही मान्य. दारूत अपायकारक काय असेल तर ती दारूच, त्यापुढे ग्लिसरीनचं काय घेऊन बसलात! पण माझी तक्रार तब्येतीची नाहीच. दुधात पाणी घातल्यानं कुणी मरत नाही, तरी गवळ्याशी भांडण होतंच. युरोपीय संघानं डिसेंबर २०२३ पासून वाइनच्या बाटलीवर घटकांची यादी सक्तीची केली. यादी बाटलीवर न छापता क्यूआर कोडमागे दिली तरी चालते. शतकानुशतकं गुपितं सांभाळणाऱ्या वाइनवाल्यांना ते जमलं. टकिलावाल्यांचा माल काही त्याहून गूढ नाही.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र थांबावं लागतं, कारण त्यातूनच पुढचं रामायण घडलं. आक्षेप असा: 'काहीही न घातलेली' असं एखाद्यानं छापलं, तर ते तपासणार कोण?

ग्वादालाहारा परिसरात राहणारं एक अमेरिकी जोडपं, ग्रोव्हर आणि स्कार्लेट सॅनशाग्रिन, टकिलाची माहिती देणारं 'टकिला मॅचमेकर' हे ॲप चालवायचं. २०२० च्या सुमारास त्यांनी भट्ट्यांना स्वखुशीनं तपासणी करून घ्यायची सोय सुरू केली. येऊन टाक्या बघायच्या, कागद बघायचे, भट्टीतून थेट घेतलेली आणि बाजारातली दारू शेजारी ठेवून चाखायची, आणि सगळं जुळलं तर 'काही न घातलेली' या यादीत नाव घालायचं. यादी गाजली. अमेरिकेतले दुकानदार ती छापून फडताळावर लावू लागले. टकिला नियामक मंडळाला हे रुचलं नाही. हे मंडळ नव्वदच्या दशकात उद्योगातल्या घटकांनीच मिळून उभं केलेलं. प्रत्येक बाटली त्याच्या शिक्क्यानंच बाहेर पडते. मंडळाचं म्हणणं, प्रमाणपत्र द्यायचा अधिकार आमचा, यांना कुणी दिला? आणि 'काही न घातलेली' असं एकानं मिरवलं की नियमात राहून घालणारा दुसरा विनाकारण बदनाम होतो. वाद पेटलेला असतानाच मार्च २०२४ मध्ये त्या जोडप्याच्या घराची सरकारी यंत्रणेनं झडती घेतली. त्याच वर्षी त्यांनी हा उद्योग आपल्या ॲपपासून वेगळा काढून त्यासाठी निराळी संस्था केली.

खासगी यादीला अधिकार कुणी दिला, हा प्रश्न खोटा नाही. जीभ हे काही प्रयोगशाळेतलं उपकरण नव्हे, आणि भट्टीवाल्यानं दाखवलेली टाकी म्हणजे सगळ्या टाक्या नव्हेत. उद्या कुणी दुसरा पैसे घेऊन तिसरीच यादी काढेल. पण मग सरळ उत्तर हे, की अधिकार तुमचा आहे ना, मग तुम्ही तपासा आणि तुम्ही छापा. भट्टीत कुठल्या टाकीत काय ओतलं जातं याच्या नोंदी ठेवायला लावणं मंडळाच्या हातात आहे. त्याची माणसं भट्ट्यांवर जातातच. स्वतः सांगायचं नाही आणि सांगणाऱ्याला सांगू द्यायचं नाही, याला आपल्याकडे म्हण आहे: कुंपणच शेत खातं.

ही म्हण इथे मला दुहेरी चपखल वाटते, कारण अगेव्ह हे आपल्या लेखी कुंपणच आहे. माणदेशातल्या आमच्या गावी बांधाबांधावर घायपात असायचा, अजूनही थोडा आहे. केकताड म्हणा हवं तर. मूळचा अमेरिकेतलाच, पण इथल्या मुरमाड रानात असा रुजला की परका वाटू नये. लहानपणी त्याच्या पानाचं टोक मोडून त्यानं बोरं टोचायचा खेळ होता. एकदा चीक कोपरापर्यंत आला आणि रात्रभर हात अंगार झाला. आजीनं ताक चोळलं तेव्हा झोप लागली. मेक्सिकोत अगेव्ह तोडणाऱ्या मजुरांना, हिमादोर म्हणतात त्यांना, हीच खाज सुटते हे पुढे वाचलं तेव्हा त्या माणसांशी एकदम ओळख निघाल्यासारखं झालं. आमच्या गावात मातंग वस्तीतली माणसं ही पानं पाण्यात कुजवायची, बडवून धुऊन वाख काढायची आणि बैलाच्या कासऱ्यापासून मोटेच्या नाड्यापर्यंत सगळे दोर वळायची. पानातून दोर निघतो हे आम्हाला ठाऊक होतं. बुडख्यात दारू दडलीय हे नव्हतं.

तिकडे पानं फेकतात आणि बुडखा घेतात. हिमादोर 'कोआ' नावाच्या गोल धारेच्या, लांब दांड्याच्या हत्यारानं एकेक पान सपासप उडवतो आणि खाली उरतो अननसासारखा दिसणारा गड्डा. त्याला ते अननसच म्हणतात, 'पिन्या'. चाळीस-पन्नास किलोचा सहज भरतो. त्यातली साखर लांब साखळ्यांत बांधलेली असते. ती सोडवायला उष्णता लागते. जुन्या पद्धतीत विटांच्या भट्टीत वाफेवर दोन-तीन दिवस शिजवायचं, मग दगडी चाकाखाली चिरडायचं. या चाकाला 'ताओना' म्हणतात. आपल्याकडे जुने वाडे बांधताना चुन्याची घाणी असायची ना, गोल खाचेत फिरणारं दगडी चाक आणि त्याला जुंपलेला बैल, ती आठवा, हुबेहूब तीच. मधली पद्धत म्हणजे मोठ्या थोरल्या प्रेशर कुकरमध्ये शिजवायचं. आणि अगदी नवी म्हणजे डिफ्यूझर: कच्च्याच गड्ड्याचा कीस, त्यावर गरम पाण्याचे फवारे, साखर धुऊन घ्यायची आणि शिजवायचा तो नुसता रस. भरभर होतं, साखरेचा कण वाया जात नाही. फक्त भाजलेल्या रताळ्याचा वास येत नाही, कारण रताळं भाजलंच नाही!

तो हरवलेला वास मग थेंबाथेंबानं परत घालतात. थाटाच्या बाटलीतला व्हॅनिला असाच आला असावा, असा माझा तर्क. लाकडी पिंपातही व्हॅनिलाची छटा येते, पण ती अशी दारात उभी राहून हाका मारत नाही.

म्हणून लपवण्याचा प्रश्न चवीपाशी संपत नाही, तो शेतापर्यंत जातो. निळा अगेव्ह तयार व्हायला सहा ते आठ वर्षं घेतो. शंभर टक्के टकिलाच्या एका लिटरला साधारण सात किलो गड्डा लागतो. आता, कोवळा गड्डा काढून, साखर धुऊन, वरून अर्क घालून जर तीच 'शंभर टक्के' ग्वाही छापता येत असेल, तर आठ वर्षं थांबणाऱ्या शेतकऱ्याच्या थांबण्याला बाजारात किंमत किती? शून्य. गिऱ्हाईकाला फरक दिसायची जागाच ठेवलेली नाही.

त्या शेतकऱ्याचं काय होतं ते लासलगावच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. दोन हजार सालाच्या आसपास अगेव्हचा तुटवडा पडला, भाव चढले, सगळ्यांनी लावला. पाच-सहा वर्षांनी सगळ्यांचा एकदम तयार झाला आणि भाव मातीत गेला. पुन्हा तुटवडा, पुन्हा लावणी. २०१८ नंतर काही वर्षं किलोला तीस पेसोच्या घरात भाव होता. तेवढ्यात अमेरिकेत नट आणि गायकांच्या टकिलांची लाट आली. जॉर्ज क्लूनी आणि मित्रांचा ब्रँड २०१७ मध्ये दियाजिओ कंपनीनं शंभर कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यात घेतला, मग काय, जो तो अगेव्ह लावत सुटला. २०२३ च्या अखेरीस पन्नास कोटी लिटरहून जास्त टकिला न विकली जाता पडून होती आणि २०२४ मध्ये अगेव्हचा भाव एक आकडी पेसोवर घसरला. कांद्याचा फटका एका हंगामाचा असतो. पुढच्या हंगामात माणूस शहाणा होऊ शकतो. इथे चूक आज करायची आणि तिची शिक्षा सहा वर्षांनी भोगायची. या सगळ्या उलथापालथीत दुकानातल्या बाटलीचा भाव एक पेसोनंही खाली आलेला मी तरी पाहिला नाही.

शिवाय लावणी सगळी मुनव्यांची, म्हणजे आईच्या बुडाशी फुटलेल्या पिलांची. फुलोरा आला की गड्ड्यातली साखर दांडा खेचून घेतो, म्हणून फुलू द्यायचंच नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच झाडाच्या नकला. रोग आला की सगळ्यांना एकदम. आणि ज्या लांबनाक्या वटवाघळांचं पोट या फुलांवर, ती उपाशी. मेक्सिकोचे वटवाघूळ-अभ्यासक रोद्रिगो मेदेयिन यांनी काही शेतकऱ्यांना शेतातली पाच टक्के झाडं फुलू द्यायला राजी केलं. तशा बाटल्यांवर वटवाघळाचं चिन्ह येऊ लागलं. म्हणजे जागा असते बाटलीवर, ठरवलं तर.

मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दियाजिओविरुद्ध ग्राहकांनी दावा गुदरला, की तिच्या दोन नामांकित 'शंभर टक्के' टकिलांमध्ये अगेव्हखेरीज दुसरी दारू आहे. कंपनीनं आरोप साफ फेटाळले. त्यात खरं-खोटं काय ते इथे बसून मी ठरवणार नाही. मला त्यातली एक बारीक गोष्ट भावली. अशा वेळी प्रयोगशाळेत कार्बनचं मोजमाप करून साखर कुठल्या झाडाची ते शोधायला जातात, तर ऊस, मका आणि अगेव्ह या मोजमापात एकमेकांच्या इतके जवळ येतात की चोर आणि साव ओळखणं अवघड. जिथे यंत्राला सहज कळत नाही तिथे नोंदवहीच कामाला येते, आणि ती कुणीतरी उघडायला लावावी लागते.

नाव जपण्याचा कायदा कसा उलटतो याचं दुसरं टोक मेझकालमध्ये दिसतं. मेझकाल म्हणजे टकिलाची थोरली बहीण: जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर गड्डे पुरून भाजायचे, आपल्याकडे पोपटी लावतात त्या चालीनं. म्हणून धुराचा वास. वाहाका राज्यातल्या चांगल्या बाटलीवर अगेव्हची जात, गाव, गाळणाऱ्या माणसाचं नाव, तांब्याचं भांडं की मातीचं, सगळं असतं. वाचताना सातबारा वाचल्यासारखं वाटतं. मानकातच साधं, 'आर्तेसानाल' आणि 'अन्सेस्त्राल' अशा तीन पायऱ्या केल्यात; यंत्राचा हात किती, त्यावर पायरी ठरते. टकिलानं हे उचलावं असं मला वाटतं, आणि त्याला फार मोठी क्रांती लागत नाही.

पण त्याच मेझकालच्या नावाला १९९४ मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा कितीतरी गावं रेषेबाहेर राहिली. पणजोबांपासून मेझकाल गाळणारा माणूस एका दिवसात 'अगेव्हची दारू' गाळणारा झाला. प्रमाणपत्राचा खर्च परवडत नाही म्हणून रेषेच्या आतलेही अनेक जण बाहेरच. कडेलोट झाला तो २०१६ च्या सुमारास, जेव्हा अशा सगळ्यांनी आपल्या दारूला 'कोमिल' म्हणावं असा मसुदा आला. नाहुआत्ल भाषेतून उचललेला, गाळणाऱ्यांपैकी कुणी कधी न वापरलेला शब्द. अगेव्हपासून केलेल्या दारूवर अगेव्ह लिहायचं नाही! ओरड झाली आणि कोमिल मागे पडलं. हापूसच्या भांडणात आपण कायम रत्नागिरी-देवगडच्या बाजूनं असतो, ते ठीकच. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला मानांकन मिळालं तेव्हा मीही पेढे वाटल्यासारखा खूश होतो. पण रेष काढणारा हात कुणाचा आणि रेषेच्या पलीकडच्या बागेत काय चाललंय, हे विचारायची सवय मला या कोमिलनं लावली.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय. नाव सुरक्षित आहे. पण हुर्राक, म्हणजे पहिल्यांदा गाळलेली काजूची दारू, कुठल्या भट्टीवरचा चांगला ते पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्याला त्याला तोंडपाठ असतं, आणि ते शहाणपण बाटलीबरोबर पुण्या-मुंबईला येत नाही. फेणीच्या प्रत्येक बाटलीवर गाव, भट्टी आणि हंगाम हे तीन शब्द सक्तीचे करायला मेक्सिकोएवढी पन्नास वर्षं घालवू नयेत. तसंही या दोन किनाऱ्यांचं नातं जुनं आहे. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर दारू गाळायची कला मनिलाहून गलबतांतून आलेल्या फिलिपिनी लोकांनी आणली, असं काही अभ्यासक मानतात. ते लोक माड चढायचे, माडी उतरवायचे आणि ती गाळायचे. मालवणच्या माणसाला यात नवल वाटू नये.

आणि एक आपल्याकडचंच उदाहरण. डेस्मंड नाझरेथ या गृहस्थांनी दख्खनच्या रानातला घायपातच घेऊन आंध्रात चित्तूर जिल्ह्यात भट्टी टाकली आणि २०११ मध्ये गोव्यात अगेव्हची दारू बाजारात आणली. टकिला म्हणता येत नाही म्हणून म्हटलं नाही. एक बाटली शंभर टक्क्यांची आणि दुसरी ५१ टक्क्यांची, आणि दुसरीवर ५१ हा आकडा चक्क दर्शनी बाजूला. तिकडे पाचशे वर्षांचा वारसा सांगणारे तोच आकडा कुठेच छापत नाहीत. ज्याच्याकडे नाव नव्हतं त्यानं खरं सांगून टाकलं.

तोवर घेणाऱ्यानं काय करावं? सर्वांत आधी बाटलीवर 'नोम' शब्दापुढचा चार आकडी क्रमांक शोधावा. तो भट्टीचा क्रमांक. ब्रँड शेकडो, भट्ट्या त्या मानानं मोजक्या. एकाच क्रमांकाखाली डझनभर 'घराण्यांच्या' टकिला निघालेल्या दिसल्या की दंतकथांवरचा विश्वास आपोआप उडतो. फोर्तालेसा या ब्रँडच्या बाटलीवर १४९३ असतो आणि ते घर आपलीच टकिला करतं; असे क्रमांक हळूहळू पाठ होतात. पहिली बाटली घ्यायची तर ब्लांको, म्हणजे पांढरी. लपायला तिथे पिंपाची सावली नसते. रेपोसादो दोन महिने, अन्येहो एक वर्ष लाकडात राहिलेली. चांगली असेल तर सुरेखच, पण आधी मूळ गाणं ऐकावं, मग आलाप. क्रिस्तालिनो, म्हणजे लाकडात मुरवून मग कोळशातून गाळून पुन्हा पांढरी केलेली, हा प्रकार मला तर डोक्याला मेंदी लावून लगेच धुऊन टाकल्यासारखा वाटतो. मेझकाल घेतलं तर एस्पादीन जातीचं घ्यावं, ती लागवडीची आहे. तेपेस्ताते जातीचा अगेव्ह रानात वीस-पंचवीस वर्षं वाढतो आणि आपण तो एका संध्याकाळी संपवतो. एवढी तहान मला तरी नाही.

मीठ चाटायचं, गटकन घशात ओतायची आणि लिंबू चोखायचं, हा तमाशा वाईट टकिलासाठी शोधलेला आहे. चांगली असेल तर छोट्या पेल्यात दोन चमचे घेऊन अर्धा तास पुरवावी. दोन थेंब तळहातावर चोळून बघायची एक युक्ती सांगतात: वाळल्यावर हात चिकट लागला तर ग्लिसरीन किंवा पाक असावा. पुरावा म्हणून ती कोर्टात टिकणार नाही. आमच्या थाटाच्या बाटलीनं मात्र हात असा चिकटला की बहिणीनं साबण आणून दिला.

या महिन्यात भाच्याची वाट न बघता मी स्वतःच दुकानात गेलो. महाराष्ट्रात कडक दारूला वयाची पंचविशी आणि परवाना लागतो. वय केव्हाच उलटून गेलंय, परवाना खिशात होता. दीडशे टक्के सीमाशुल्क आणि त्यावर राज्याचा कर चढून आलेल्या चार टकिला वरच्या फळीवर काचेआड होत्या. म्हटलं, जरा काढून द्या, मागची बाजू बघायचीय. दुकानदारानं एक बाटली काढली, धूळ पुसली, तीही नावाच्या बाजूची, आणि काउंटरवर ठेवली. मी ती फिरवली. आयातदाराचं कोरं पांढरं स्टिकर नेमकं त्या चार आकडी क्रमांकावर चिकटवलेलं होतं. नखानं कोपरा उचलायला लागलो तर तो म्हणाला, "साहेब, घ्यायची असेल तर फाडा."

मी बाटली घेतली आणि फाडलं.